बिलावर ग्रॅम लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळ्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात पाणी, वीज आणि खड्डे यांचं गाऱ्हाणं असतं. ते असायलाच पाहिजे. मी आज गाडीच्या एसीचं गाऱ्हाणं लिहितोय. 'एसीवाल्यांचं कसलं आलंय दुखणं,' असं कुणी म्हणेल म्हणून आधीच सांगतो, माझी गाडी हौसेची नाही. वडगावात राहतो, २०१६ साली कर्ज काढून डिझेल गाडी घेतली, पिवळ्या पाटीची. त्याच्या आधी बावीस वर्षं उद्यमबागमधल्या एका कारखान्यात होतो. आता गोवा, कोल्हापूर, मिरज, सांबऱ्याचं विमानतळ, लग्नाची वऱ्हाडं, अशी भाडी मारतो.

आमच्या लहानपणी बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे. घरात पंखा नव्हता आणि लागतही नव्हता. आता मार्च उजाडला की पार्टी गाडीत बसायच्या आधी दारातूनच विचारते, "एसी चालू आहे न्हवं?" आणि भाडं ठरवताना तीच पार्टी म्हणते, एसीचे वेगळे पैसे कसले? बरं, एसी नुसता उन्हाळ्यात लागतो असंही नाही. जुलैत जांबोटी सोडून कणकुंबीच्या पुढं चोर्ल्याच्या घाटात शिरलं की बाहेर धुकं, आत चार माणसांचा श्वास, आणि काच अशी पांढरी होते की पुढचं वळण दिसत नाही. एसी हवेतला ओलावा ओढून घेतो, काच दोन मिनिटांत साफ होते. फडक्यानं काच पुसत घाट उतरलेला माणूस एसीला चैन म्हणणार नाही.

आता खर्चाचं. माझ्याकडं सगळी बिलं आहेत, कारखान्यातली सवय. २०१९ साली पहिल्यांदा गॅस भरला, अकराशे रुपये. एप्रिल २०२३ मध्ये अठराशे. मार्च २०२४ मध्ये बावीसशे. त्याच वर्षी दिवाळीनंतर पुन्हा चोवीसशे. दर वेळी मिस्त्रीचं वाक्य एकच, "गॅस कमी झालाय बघा." मी म्हणायचो, भर. तोही भरायचा. अर्ध्या तासात गार वारा, पैसे दिले, निघालो.

मग मे २०२५. मिरजेच्या दवाखान्यातून गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा आणि त्यांची मुलगी घेऊन येत होतो. चिकोडी ओलांडली आणि बॉनेटमधून करकर आवाज सुरू झाला. एसी बंद केला, काचा खाली केल्या. दुपारचे दोन वाजले होते. आजोबांनी बेळगावपर्यंत एक शब्द काढला नाही, मुलीनं उतरताना पैसे मोजून दिले आणि फक्त एवढंच म्हणाली, "गाडी चांगली आहे तुमची, खरं एसी बघून घ्या." त्या 'खरं'चा, म्हणजे 'पण'चा, अर्थ कोल्हापूर-बेळगावच्या माणसाला वेगळा सांगायला नको.

कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप, जाम. आतल्या धातूचा चुरा पुढं कंडेन्सरमध्ये, म्हणजे पुढच्या जाळीत, गेलेला. बिल असं झालं: कॉम्प्रेसर १६,५००, कंडेन्सर ५,८००, एक्सपान्शन व्हॉल्व्ह १,४००, फ्लशिंग आणि ऑइल १,९००, गॅस २,६००, मजुरी ३,४००. एकूण ३१,६००. आधीच्या तीन वेळच्या गॅसचे ६,४०० धरले तर बरोबर अडतीस हजार. त्या महिन्याचा गाडीचा हप्ता मी मेहुण्याकडून घेऊन भरला.

आणि संपादक महाशय, ऑक्टोबरात गॅस पुन्हा गेला.

तेव्हा मात्र मला माझीच लाज वाटली. कारण उद्यमबागेत बावीस वर्षांतली शेवटची नऊ वर्षं मी काय करत होतो, तर हायड्रॉलिकचे पार्ट तपासत होतो. पार्टमध्ये हवेचा दाब द्यायचा, पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि बुडबुडा येतो का बघायचं. बुडबुडा आला की पार्ट बाजूला. 'जरा हवा कमी झालीय, परत भरू या' असं मी तिथं म्हटलं असतं तर सुपरवायझरनं गेटबाहेर काढलं असतं. आणि माझ्या स्वतःच्या गाडीला मी चार वेळा तेच करू दिलं.

एसीचा गॅस हा डिझेलसारखा जळून संपत नाही. तोच गॅस नळ्यांतून फिरतो. कॉम्प्रेसर दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून पातळ म्हणजे द्रव होतो, डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वाफ होऊन गाडीतली उष्णता उचलतो, आणि परत कॉम्प्रेसरकडं. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो, ते मान्य. पण चारशे ग्रॅम गॅस आठ महिन्यांत निघून गेला तर कुठंतरी भोक आहे. गॅस 'कमी होत' नाही, गळतो. आणि गॅसबरोबर थोडं थोडं ऑइलही जातं. कॉम्प्रेसरला वंगण ते ऑइल, आणि ते फिरवून परत आणतो तो गॅस. दोन्ही कमी पडले की कॉम्प्रेसर कोरडा चालतो. माझ्या कॉम्प्रेसरचं हेच झालं.

ऑक्टोबरात निपाणीला भाडं घेऊन गेलो होतो. तिथं हायवेजवळ एक पोरगा नुसतं एसीचंच काम करतो. पंचविशीचा असेल. त्यानं गॅसच्या डब्याला हातच लावला नाही. नायट्रोजनचा सिलिंडर लावला, दाब भरला, आणि साबणाचा फेस ब्रशनं एकेका जोडावर लावत गेला. मी शेजारी उभा राहून बघत होतो आणि मला उद्यमबागेतली टाकी दिसत होती. इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्यापाशी, जिथं दोन पाईप आत जातात, तिथं फेसात बारीक फुगे धरले. जोड उघडला, आतली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, चपटी होऊन नखासारखी कडक झालेली. नवीन रिंग तीस रुपये. तपासणीचे त्यानं सहाशे घेतले. मग अर्धा तास व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढली, पंप बंद करून काटा खाली येतो का ते वीस मिनिटं बघितलं, आणि मगच गॅस. तेव्हापासून आजतागायत एसी गार आहे.

अडतीस हजार आणि तीस रुपये. हे आकडे मी शेजारी शेजारी लिहून पाकिटात ठेवलेत.

दोष सगळा गॅरेजवाल्यांचा असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. मार्च २०२४ मध्ये माझ्या नेहमीच्या मिस्त्रीनं विचारलं होतं, लीक बघू का, गाडी दिवसभर ठेवावी लागेल. मीच म्हटलं, "आधी गॅस मार, सकाळी पणजीचं भाडं आहे." त्याला सहाशे रुपये तपासणीचे द्यायला माझ्यासारख्या गिऱ्हाइकाचा जीव वर-खाली होतो, कारण तपासणीत हातात काही पडत नाही. गॅस भरला की गार वारा तरी लागतो. शिवाय नायट्रोजन, व्हॅक्यूम पंप, जुना गॅस ओढून साठवणारं मशीन, हे सगळं घ्यायचं म्हणजे छोट्या गॅरेजला परवडत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी काय होतं? पिन दाबायची, उरलेला गॅस फुस्स करून हवेत सोडायचा आणि डबा लावायचा.

किती भरायचा ते कोण ठरवतं? दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा आणि मिस्त्रीचा हात. इथं मला जरा थांबायचंय, कारण मुद्दा इथंच आहे. घरच्या गॅस सिलिंडरचा विचार करा. सिलिंडर भरलेला असो की पाव उरलेला, शेगडीची ज्योत तशीच असते. आत पातळ गॅस थोडा जरी शिल्लक असला तरी दाब तेवढाच, तो ठरतो बाहेरच्या उष्णतेवर. म्हणून किती उरलाय हे बघायला आपण सिलिंडर उचलून बघतो. गाडीच्या एसीतही असंच. बंद गाडीचा गेज बघून आत दोनशे ग्रॅम आहे की चारशे, हे कळत नाही. चालू गाडीत काटे काहीतरी सांगतात, पण ते सकाळी वेगळं आणि दुपारी वेगळं. कमी भरला तर गार होत नाही, जास्त भरला तर कॉम्प्रेसरवर ताण. बरोबर भरायचा एकच मार्ग आहे, वजन. आणि ते वजन किती, हे कंपनीनं लिहून दिलेलं असतं. बॉनेट उघडा, आतल्या बाजूला किंवा पुढच्या पट्टीवर एक छोटं स्टिकर असतं, त्यावर गॅसचं नाव आर-१३४ए आणि पुढं ग्रॅम. माझ्या गाडीवर ४०० आहे. नऊ वर्षं रोज ते बॉनेट उघडून मी पाणी-ऑइल बघत होतो, स्टिकर वाचलं नव्हतं.

आपण संकेश्वरी मिरची पाव किलो घेतली तरी काटा स्थिर होईपर्यंत डोळा काढत नाही. आणि अडीच हजाराचा गॅस अंदाजानं घेतो. माझ्या जुन्या चारही बिलांवर 'एसी गॅस — १' असं लिहिलंय. एक काय? डबा, किलो, वेळ?

गॅस महागलाय हे खरंच आहे, आणि तो स्वस्त होईल या आशेवर कुणी बसू नये. मुलगा डिप्लोमा करतोय, त्यानं मला समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. पूर्वी गाड्यांत आर-१२ होता. त्यानं ओझोनचा थर विरळ होतो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगानं तो टप्प्याटप्प्यानं बंद केला, भारतातही २०१० पर्यंत त्या जातीचे गॅस हद्दपार झाले. त्याच्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला काही करत नाही, पण हवेत सुटला तर पृथ्वी तापवतो, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट. म्हणून २०१६ च्या ऑक्टोबरात रवांडामधल्या किगालीत मॉन्ट्रियल करारात दुरुस्ती झाली. भारतानं ती २०२१ मध्ये मान्य केली. आपल्यासाठी २०२८ पासून या जातीच्या गॅसची वाढ गोठवायची आणि २०३२ पासून कपात सुरू, २०४७ पर्यंत ८५ टक्के. चीनवर तर ही मर्यादा २०२४ पासूनच लागू झाली. युरोपात २०१७ पासून नव्या कारमध्ये आर-१३४ए चालत नाही; तिथला नवा गॅस पृथ्वीला जवळजवळ तापवत नाही, पण किमतीला कितीतरी पट जास्त, आणि थोडा पेटणारा असल्यामुळं त्याला मशीनही वेगळं लागतं. म्हणजे मागणी वाढती आणि पुरवठ्याला लगाम. त्यात १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. ट्रक ड्रायव्हरला एसी मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे, बाराचाकी घेऊन जाणाऱ्या माझ्या चुलतभावाच्या पाठीवर उन्हाळाभर घामोळं असायचं. पण त्या ट्रकांचे एसीही उद्या ऑटोनगरच्या गॅरेजांतच येणार.

मुलानं आणखी एक हिशेब केला. माझ्या गाडीतून कमीत कमी धरून बाराशे ग्रॅम गॅस हवेत गेला. चौदाशेनं गुणलं की सतराशे किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं झालं. तेवढा धूर करायला साधारण सहाशे चाळीस लिटर डिझेल जाळावं लागतं. माझ्या गाडीच्या अ‍ॅव्हरेजनं म्हणजे चोर्ल्यातून पणजीला जाऊन-येऊन चाळीसेक फेऱ्या. मी दर वर्षी पैसे भरून धुराचा दाखला काढतो, तो खिशात घेऊन फिरतो, आणि शेजारून हे चाललेलं. हसावं की रडावं?

भागांचंही बोलायला हवं, पण थोडक्यात. कंडेन्सर गाडीच्या नाकावर असतो. आमच्याकडं रस्त्यावरची खडी त्याला लागते, आणि उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागं पाचट उडून जाळीत बसतं ते वेगळं. ते पाण्याच्या हलक्या फवाऱ्यानं धुतलं तरी एसीला बराच फरक पडतो, याला पैसे लागत नाहीत. आता कित्येक गाड्यांत ड्रायर, म्हणजे गॅसमधली ओल शोषणारा भाग, कंडेन्सरच्याच अंगात बसवलेला असतो. पूर्वी छोटी बाटली बदलली की भागायचं, आता अख्खी जाळी बदला म्हणतात. कूलिंग कॉइल गळली तर डॅशबोर्ड खोलण्याची मजुरी कॉइलच्या किमतीला भिडते. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या बऱ्याच सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला म्हणून पेढे वाटले गेले, ते कुठं गेले ते मला सापडलं नाही. या मार्चमध्ये स्टँडवरच्या एका दोस्ताच्या गाडीचा कंडेन्सर घेतला, किंमत मागच्या वर्षीचीच. दुकानदार म्हणाला, कर कमी झाला खरं मूळ किंमत वाढली. मी कोल्हापूरला आणि हुबळीला फोन करून विचारलं, शंभर-दोनशेचा फरक. सीमेच्या अलीकडं-पलीकडं बाकी काही जुळत नसलं तरी या बाबतीत एकमत आहे.

स्वस्त मिळतो म्हणून ओळख नसलेला डबा कुणी घेऊ नये, हेही याच पत्रात सांगून टाकतो. स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा गॅस मिसळून विकणारे आहेत. गार होतो, पण तो पेटणारा असतो, आणि अपघातात पुढची जाळी फुटली तर इंजिन तापलेलंच असतं.

मग मागणं काय? गॅस स्वस्त करा असं म्हणून उपयोग नाही, ते ना तुमच्या हातात, ना गॅरेजवाल्याच्या. माझं मागणं बिलापुरतं आहे. गॅस भरला तर बिलावर ग्रॅम लिहा. आधीचा किती निघाला, नवा किती घातला आणि गळती कुठं सापडली. सापडली नसेल तर 'तपासली नाही' असं तरी लिहा, म्हणजे गिऱ्हाइकाला कळेल की तो दुरुस्तीचे पैसे देत नसून काही महिन्यांच्या गारव्याचे देतोय. पार्ट बदलला तर जुना पार्ट परत द्या. बेळगावात गॅरेजवाल्यांची एकी चांगली आहे. नायट्रोजनचा सिलिंडर आणि जुना गॅस ओढून घेणारं मशीन चार-पाच जणांनी मिळून घेतलं तर ऑटोनगरमध्ये एकाला, खानापूर रोडला एकाला पुरेल. उद्यमबागेतल्या कारखानदारांनी मनावर घेतलं तर असं मशीन इथंच बनेल, याहून किचकट कामं तिथल्या लेथवर रोज होतात. आणि आयटीआयतल्या पोरांना गळती शोधायचं काम हातानं शिकवा. निपाणीचा तो पोरगा कुठं शिकला म्हणून विचारलं, तर पुण्याला सहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली, म्हणाला.

माझी बायको घरी चकलीच्या ऑर्डरी घेते, तिच्याकडं पाच किलोचा इलेक्ट्रिक काटा आहे. मार्चमध्ये दोस्ताच्या गाडीला गॅस भरायचा होता तेव्हा तो काटा पिशवीत घालून मी माझ्या त्या जुन्या मिस्त्रीकडं गेलो. साडेचारशे ग्रॅमचा डबा, भरण्याआधी वजन, भरताना वजन. मिस्त्री आधी हसला, गॅरेजमधली पोरंही हसली. दोस्ताच्या स्टिकरवर ३८० होते. मिस्त्रीचा हात नेहमीच्या अंदाजानं डबा रिकामा करायला निघाला होता, काट्यावर डब्याचं वजन ३८० नं घटलेलं दिसल्यावर मी थांब म्हटलं. डब्यात सत्तर ग्रॅम उरला. एसी झकास गार झाला. मिस्त्री बराच वेळ काट्याकडं बघत होता.

गडबडीत काटा तिथंच राहिला. घरी बोलणी बसली ती बसली. दोन दिवसांनी आणायला गेलो तर तो टेबलावर, गॅसच्या डब्यांच्या शेजारी मांडून ठेवलेला, आणि मिस्त्री म्हणाला, "राहू दे की वो आणि चार दिवस."

आपला,
एक टॅक्सीमालक
वडगाव, बेळगाव

(कृपया नाव छापू नये. गावातले सगळे गॅरेजवाले ओळखीचे आहेत आणि गाडी अजून त्यांच्याकडंच न्यायची आहे.)